स्वखुशीनं केलेली सही

आज आम्ही एक मोठा प्रश्न घेतला आहे. माणसाला स्वतःची अशी इच्छा खरंच असते का? की आपण जे करतो ते आधीच ठरलेलं असतं, आणि आपल्याला नुसतं वाटतं की आपण ठरवलं? हा प्रश्न पोथ्या वाचणाऱ्यांचा किंवा कॉलेजातल्या प्राध्यापकांचा आहे असं वाटेल. पण आपल्या घरात तो कायम बोलला जातो. त्यासाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत. एक 'नशीब' आणि दुसरा 'स्वखुशी'.

मूल जन्मलं की पाचवी-सहावीला आपण सटवाई पुजतो. कोरा कागद आणि पेन ठेवतो. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, असं आजी-पणजीपासून ऐकत आलो. मग त्या मुलीची शाळा दहावीला सुटली, लवकर लग्न झालं, नवरा दारुडा निघाला, तर म्हणायचं, तिच्या कपाळीच तसं लिहिलं होतं.

पुढे तीच मुलगी चाळिशीला येते. वडील जातात. सात-बाऱ्यावर वारस नोंद होते, तिचंही नाव लागतं. मग एक दिवस भाऊ गाडी घेऊन येतो आणि तिला तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतो. तिथं हक्कसोडपत्रावर तिची सही नाहीतर अंगठा होतो. त्या कागदात बहुधा एक वाक्य असतंच, की मी माझा हक्क स्वखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय सोडत आहे.

आता गंमत बघा. जन्मभर जिच्या बाबतीत सगळं नशिबानं झालं, तिला नेमकं त्याच दिवशी सांगतात, 'तुझी तू मुखत्यार.' मग खरं काय? ती नशिबाच्या हातातली बाहुली, की स्वतःच्या मर्जीची मालकीण?

आधी विद्वान काय म्हणतात ते थोडक्यात बघू. एका बाजूचं म्हणणं असं, की प्रत्येक गोष्टीला मागचं कारण असतं. आपण कोणत्या घरात जन्मलो, काय खाल्लं, काय ऐकलं, कोणाला घाबरलो, यातून आपला मेंदू घडतो आणि तोच मेंदू ठरवतो. मग 'मी ठरवलं' म्हणण्यात काय अर्थ? अमेरिकेत बेंजामिन लिबेट नावाच्या शास्त्रज्ञानं यावर एक प्रयोग केला. १९८३ साली तो प्रसिद्ध झाला. माणसांना घड्याळासमोर बसवलं आणि सांगितलं, तुम्हाला वाटेल तेव्हा हात हलवा, आणि हलवावासा कधी वाटला ते घड्याळात बघून सांगा. डोक्याला तारा लावल्या होत्या. दिसलं असं, की हात हलायच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत तयारी सुरू होते. पण 'आता हलवावा' असं माणसाला वाटतं ते हात हलायच्या जेमतेम पाव सेकंद आधी. म्हणजे मेंदू आधी कामाला लागला आणि माणसाला मागून कळलं.

यावरून काहीजण म्हणाले, संपलं, माणसाला स्वतःची इच्छा नाही. पण लिबेट स्वतः तसं म्हणत नव्हता. त्याचं म्हणणं होतं की उर्मी उठली तरी शेवटच्या क्षणी तिला 'नको' म्हणून थांबवणं माणसाच्या हातात असतं. मेंदूतली ती हालचाल म्हणजे ठरवणंच, यावरही पुढच्या शास्त्रज्ञांनी शंका घेतली. आम्हाला यात आणखी एक गोष्ट दिसते. हात कधी हलवायचा हा काही आयुष्याचा निर्णय नाही. मुलीला पुढे शिकवायचं का, कर्ज काढायचं का, जमिनीचा हक्क सोडायचा का, असे निर्णय अर्ध्या सेकंदात होत नाहीत. ते महिनोन्‌महिने चुलीपुढे, शेतात, रात्री जागून होतात.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांतही याचा विचार आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं सांगितलं आहे. आधार, करणारा, साधनं, वेगवेगळे प्रयत्न आणि पाचवं दैव. ज्ञानेश्वर महाराजांनीही यावर निरूपण केलं आहे. दैव त्या यादीत आहे, पण पाचातलं एक आहे. आपण मात्र बाकीची चार सोडून त्या एकालाच धरून बसतो.

मग माणसाच्या हातात नेमकं किती असतं? याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आपल्या नाशिक जिल्ह्यातच घडलं आहे.

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. इथली बाजू दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली. हजारो लोक आले, त्यांत बायाही होत्या. मार खाल्ला, तुरुंग भोगला. पाच वर्षं गेली तरी दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्माला येणं माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मी मरणार नाही. येवल्यात त्या जागेला आज मुक्तिभूमी म्हणतात.

या घोषणेत आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. त्यांनी आपल्या आयुष्याचे दोन भाग केले. एक भाग, जो हातात नव्हता. कोणत्या घरात, कोणत्या जातीत जन्मलो, लोकांनी कसं वागवलं, हे कोणी निवडत नाही. दुसरा भाग, जो हातात होता. तो त्यांनी लगेच उरकला नाही. घोषणा १९३५ ची आणि नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये एकवीस वर्षं गेली. त्या काळात त्यांनी वेगवेगळ्या धर्मांचा अभ्यास केला, लोकांशी बोलले. दीक्षा घेतली तेव्हा लाखो लोक सोबत होते. त्यानंतर ५३ दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं निधन झालं. येवल्यात दिलेला शब्द त्यांनी पाळला.

यातून आम्हाला जे समजलं ते असं. इच्छा ही कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, अशी वस्तू नव्हे. ती कमी-जास्त होते. माहिती मिळाली, विचाराला वेळ मिळाला, सोबत मिळाली आणि 'नाही' म्हटल्यावर उपाशी मरायची पाळी येणार नसली, की ती वाढते. यातलं काहीच नसलं, की ती आक्रसते. बाबासाहेबांपाशी अभ्यास होता, एकवीस वर्षांचा वेळ होता, समाज पाठीशी होता. कचेरीच्या बाकावर बसलेल्या आपल्या बहिणीपाशी यातलं काय असतं?

इथं कोणी म्हणेल, 'पण तिला खरंच नको होती जमीन. ती स्वतःच म्हणाली, मला काही नको.' हो, म्हणते ना. पण 'नको' कधी मनातून येतं आणि कधी सवयीनं येतं. बंगालमध्ये १९४३ साली मोठा दुष्काळ पडला. दुसऱ्या वर्षी कलकत्त्याजवळ सिंगूर इथं लोकांच्या तब्येतीची पाहणी झाली. बायको गेलेल्या पुरुषांना विचारलं, तर शंभरातले जवळजवळ अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास म्हणाले, तब्येत बरी नाही किंवा यथातथाच आहे. नवरा गेलेल्या बायांमध्ये असं सांगणाऱ्या शंभरात जेमतेम दोन-तीन निघाल्या. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी या पाहणीकडे लक्ष वेधलं. त्या विधवा काही पुरुषांपेक्षा धडधाकट नव्हत्या. आपलं दुखणं मोजायचंच नाही, अशी त्यांना सवय लागली होती. जन्मभर शेवटी जेवणारीला भूक किती लागली हे विचारलं, तर ती 'मला पुरे' म्हणते, तसंच हे.

म्हणून बहिणीचं 'मला नको' ऐकलं की आम्ही थांबतो. तिला जमीन नको आहे, की माहेर तुटायला नको आहे? भाऊबीजेला कोणी बोलावलं नाही तर? उद्या नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर कुठल्या दारात जायचं? ही भीती खरी आहे. पण भीतीपोटी केलेली निवड आणि खुशीनं केलेली निवड यांत फरक आहे, आणि कागदावर तो दिसत नाही.

आता भावाचीही बाजू सांगायला हवी. द्राक्षबागेवर कर्ज आहे, कांद्याचा भाव पडला आहे, वाटण्या होत होत वाट्याला वीस-तीस गुंठे राहिले आहेत. त्यालाही वाटतं, माझ्या हातात काय आहे? तोही अडकलेलाच आहे. पण त्याच्या अडचणीचा भार कोण उचलणार, हे ठरवताना बहिणीला विचारायला हवं. 'रीतच आहे' म्हणून तिच्यावर टाकला, तर तिथं सटवाईचा काही संबंध नाही. ते माणसांनी ठरवलेलं आहे. नशीब हा शब्द दुःखात आधार देतो, म्हणून तो आम्ही टाकून द्या म्हणत नाही. पण कोणीतरी घेतलेल्या निर्णयाला नशीब म्हटलं, की त्या माणसाला जाब विचारायचा राहून जातो.

कायद्यानं या प्रश्नावर एक व्यवहारी तोड काढली आहे. माणसाचा आत्मा स्वतंत्र आहे का, हे कोर्ट विचारत नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्यात मोकळी संमती कशाला म्हणायची ते लिहिलं आहे. पाच गोष्टींपैकी एकीमुळेही संमती मिळवलेली असेल, तर ती मोकळी नाही. त्या गोष्टी म्हणजे जबरदस्ती, नात्याचा किंवा अधिकाराचा गैरफायदा घेऊन आणलेला दबाव, फसवणूक, चुकीची माहिती आणि चूक म्हणजे गैरसमज. यातली दुसरी गोष्ट आपल्या घरांत सगळ्यात जास्त असते, आणि आपण तिला दबाव म्हणतच नाही. असं घडलं असेल तर तो दस्त रद्द करून मागता येतो. पण ज्या दिवशी खरी गोष्ट कळली, त्या दिवसापासून साधारण तीन वर्षांच्या आत कोर्टात जावं लागतं.

हक्क मुळात आहे का, तेही माहीत हवं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरात सगळ्या मुलींना तो मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं येतो, २००५ मध्ये वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या त्यामुळे मोडत नाहीत. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या आमच्या आदिवासी मैत्रिणींना तो थेट लागू होत नाही, आणि मुस्लीम मैत्रिणींचा वारसा कायदा वेगळा आहे. त्यांनी आपल्यापुरती वेगळी चौकशी करावी. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडायचं कारण नाही. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून मोफत कायदेशीर मदत मिळते.

मैत्रिणींनो, हक्क सोडूच नका असं आम्ही सांगत नाही. भावावर खरंच वाईट वेळ आहे, आपलं बरं चाललं आहे, आणि सगळं समजून-उमजून एखादीनं दिलं, तर ते तिचं दान आहे. त्याचा मान ठेवावा. पण दान द्यायला आधी वस्तू आपली आहे हे माहीत असावं लागतं.

तेव्हा पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढं बोला. कोणाची सही व्हायची असेल तर तिला चार गोष्टी विचारा. कागद कोणीतरी सगळा वाचून दाखवला का? आपला वाटा किती आणि त्याची किंमत किती, हे ठाऊक आहे का? विचाराला निदान आठ-पंधरा दिवस मिळाले का? आणि 'नाही' म्हटलं तर काय होईल असं वाटतं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर देताना ती गप्प झाली, तर त्या दिवशी सही नको. 'भाऊ, मला पंधरा दिवस दे, मी विचार करून सांगते,' एवढंच तिनं म्हणावं. एकटीला ते म्हणवत नसेल, तर गटातल्या दोघीजणी तिच्यासोबत जा.