बांधावरून भांडण झालं, नावावर केस झाली. आता काय करायचं?

पेरणीच्या तोंडावर बांध कोरल्यावरून वाद होतो. शिवीगाळ होते, काठ्या निघतात आणि संध्याकाळी कळतं की समोरच्याने पोलीस स्टेशनला आपलं नाव दिलं. मग घरातला कर्ता माणूस पाहुण्यांकडे जाऊन लपतो, नाहीतर 'मिटवून देतो' म्हणणाऱ्याच्या मागे फिरतो. दोन्हीकडून नुकसान आपलंच. केस झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नाही. तो शाबीत करायची जबाबदारी सरकार पक्षाची असते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसी, सीआरपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्या. कलमांचे नंबर बदलले, आरोपीचे मूळ हक्क तेच राहिले.

एनसी आहे की एफआयआर?

आधी हे विचारून घ्या. साधी मारहाण, शिवीगाळ आणि साधी धमकी म्हणजे कलम ११५(२), ३५२ आणि ३५१(२). जुनं ३२३, ५०४, ५०६ ते हेच. एवढीच कलमं असतील तर बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होते. यात कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. कोयता-कुऱ्हाडीने दुखापत केल्याचा आरोप असेल तर ११८(१) लागतं. तो दखलपात्र गुन्हा आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत.

नोटीस आली तर पळू नका

७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात लगेच अटक केलीच पाहिजे असं नाही. अटकेची गरज नसेल तर पोलीस कलम ३५(३) ची नोटीस देतात. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर सहसा अटक होत नाही. करायची झाली तर कारण लेखी नोंदवावं लागतं. गेलाच नाहीत तर मात्र अटकेला कारण आपणच देतो. ही नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती बजावली असं धरत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये तसं स्पष्ट केलंय. तरी तसा मेसेज आला तर पोलीस स्टेशनला जाऊन खात्री करा. व्हिडिओ कॉलवर 'तुम्हाला अटक केली' म्हणून पैसे मागणारा तर हमखास ठग समजा.

काय बोलायचं, कुठे सही करायची

नाव-पत्ता खरा सांगा. पण स्वतःला गुन्ह्यात अडकवणारं उत्तर देण्याची सक्ती कुणालाच करता येत नाही. हा राज्यघटनेच्या कलम २० चा हक्क आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तपासात घेतलेल्या जबाबावर सही घेऊ नये, असं कायदाच सांगतो. नोटीस मिळाल्याची सही द्या, कोऱ्या कागदावर कधीच नाही.

अटक झालीच तर

अटकेचं कारण सांगितलं पाहिजे. घरच्यांना कळवलं पाहिजे. डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही; अगदी अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते.

वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

'त्यानेच आधी मारलं' हे सिद्ध कसं करायचं?

स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा मालाच्या बचावासाठी हात उचलणं गुन्हा नाही. न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ याचसाठी आहेत. पण बचावापुरतंच. समोरचा पळाल्यावर पाठलाग करून मारलं तर तो बचाव राहत नाही. म्हणून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन जखमांची नोंद करा, फोटो-व्हिडिओ जपून ठेवा आणि आपलीही तक्रार द्या. पोलिसांनी घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टाने एसपींना पाठवता येते.

पाचशे रुपयांचा दंड महागात पडतो

सगळ्यात मोठी चूक कोर्टात होते. तारखांना कंटाळून माणूस म्हणतो, 'गुन्हा कबूल, दंड भरतो, मोकळा होतो.' मोकळा होत नाही. गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे शिक्षा झाली, अशीच नोंद राहते. उद्या पोरगा पोलीस भरतीच्या ग्राउंडवर पास झाला तरी चारित्र्य पडताळणीत ही नोंद आडवी येते. त्यापेक्षा ११५(२), ३५२, ३५१(२) यांसारख्या कलमांत फिर्यादीशी कोर्टासमोर रीतसर तडजोड करता येते. लोकअदालतीतही होते. तडजोड झाली तर कायद्याने ती निर्दोष सुटकाच धरतात. गावकीत बसून मिटलं तरी ते कोर्टात नोंदवून घ्या, नाहीतर केस चालूच राहते.

आणि एक. केस जिंकली म्हणून बांध सरळ होत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्जच करावा लागतो. तो भांडणाच्या आधी केला तर वरचं काहीच लागणार नाही.