घोडे सारखेच, स्वभाव वेगळे!

एक इटलीची, १९८७ची. दुसरी जपानची, २००७ची. एक ४७८ हॉर्सपॉवरची, दुसरी ४८०ची. मधे वीस वर्षं आणि ताकदीत फरक जेमतेम दोनचा. मग फेरारी एफ-४० आणि निस्सान जीटी-आर या दोघींची तुलना करायची तरी कशी? सोप्पं आहे. गाडी नक्की कोण चालवतंय, ते बघायचं!

लाडावणार नाही!

फेरारीच्या चाळिशीनिमित्त एफ-४० आली. एन्झो फेरारी यांनी स्वतः पसंतीची मोहोर उमटवलेली ही शेवटची फेरारी. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८८मध्ये ते गेले. पाठीमागे २.९ लिटरचं व्ही-८ इंजिन, त्याला दोन टर्बो, आणि ताशी ३२४ किलोमीटरचा टॉप स्पीड. आत मात्र सगळा ठणठणाट! कार्पेट नाही, स्टिरिओ नाही, दार उघडायला हँडलऐवजी नुसती एक दोरी. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. कार्बन फायबर आणि केव्हलारच्या बॉडीमुळे कोरडं वजन (इंधन-तेल न धरता) ११०० किलोच्या आसपास. टर्बो आधी आळस देतात आणि मग एकदम झेप घेतात. त्या क्षणी तुमचा पाय चुकला, तर सावरायलाही तुम्हीच!

मैं हूँ ना!

जीटी-आरचा खाक्या अगदी उलटा. ३.८ लिटरचं व्ही-६ इंजिन, तेही ट्विन टर्बो. पण ताकद चारही चाकांना, गिअर बदलायला ड्युअल क्लच, आणि कुठलं चाक घसरतंय यावर कॉम्प्युटरची सतत नजर. वजन तब्बल १७४० किलो, म्हणजे फेरारीपेक्षा बरंच जास्त! तरीही शून्य ते शंभर साधारण साडेतीन सेकंदांत. एफ-४०ला चारच्या वर लागतात. डॅशबोर्डवरचा डिस्प्ले डिझाइन केला तो 'ग्रॅन टुरिस्मो' गेम बनवणाऱ्या कंपनीनं. जपानमध्ये या गाडीचा वेग ताशी १८०ला अडवलेला असतो. गाडी रेसट्रॅकवर आहे असं जीपीएसनं सांगितलं, तरच बंधन सुटतं.

पण हिला नुसता रोबो समजू नका हं. प्रत्येक इंजिन योकोहामाच्या कारखान्यात एकच कारागीर हातानं जुळवायचा, आणि त्यावर त्याच्या नावाची पट्टी लागायची.

हिशेब कुणाचा?

एफ-४० जेमतेम तेराशे बनल्या. १९९२मध्ये उत्पादन थांबलं. आज लिलावात त्या वीस लाख डॉलरच्याही पुढे जातात. जीटी-आर जपानमध्ये सुरुवातीला ७७ लाख ७० हजार येनला मिळायची, म्हणजे नव्या फेरारीपेक्षा कितीतरी स्वस्त. भारतात ती २०१६मध्ये अवतरली, १ कोटी ९९ लाखांना! ऑगस्ट २०२५मध्ये शेवटची आर-३५ जीटी-आर तयार झाली. तोवर आकडा ४८ हजारांच्या घरात गेला होता.

वेग हवा असेल, तर जीटी-आर जिंकते. आपल्यासारख्या साध्या ड्रायव्हरलाही ती हिरो बनवते. एफ-४० मात्र तुम्ही किती पाण्यात आहात ते तोंडावर सांगते. पण गंमत बघा, लोक जास्त पैसे मोजतात ते याच फटकळ गाडीसाठी! सगळं सोपं करून देणाऱ्या मशीनचं आपण कौतुक करतो. प्रेम मात्र, जिला सांभाळायला शिकावं लागतं, तिच्यावरच बसतं.

तुमचं मत कुणाला?