कारण न सांगण्याचा कायदा

बेनामी मालमत्तेच्या अपिलीय न्यायाधिकरणाचा निकाल या आठवड्यात बारकाईने वाचायचा, असं ठरलं होतं. तो बेत पुढे जातोय, कारण भवानीनगरकडच्या एका ऊस उत्पादक वाचकाचं पत्र. सवाल सरळ आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामतीलाही येतं आणि इंदापूरलाही. ऊस तोच, कारखान्याचं राजकारणही त्याच वळणाचं. मग आयकराची धाड बारामतीवर आली आणि इंदापूरवर नाही, हे कसं? ‘आम्हाला सगळं कळतं, तुम्ही फक्त लिहा,’ अशी तंबीही शेवटी आहे.

लिहायला एक महिना पुरतो : ऑक्टोबर २०२१.

७ तारखेला छापे सुरू झाले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या पत्रकात मुंबई, पुणे, बारामती, गोवा आणि जयपूर इथली मिळून सुमारे ७० ठिकाणं होती. मुंबईचे दोन बांधकाम समूह आणि त्यांच्याशी संबंधित मंडळी हे लक्ष्य. १५ तारखेच्या पत्रकात सुमारे १८४ कोटींच्या बेहिशेबी उत्पन्नाचा दावा होता. सापडलेली बेहिशेबी रोकड २ कोटी १३ लाख. नाव कुणाचंच नाही, मात्र महाराष्ट्रातल्या एका प्रभावशाली कुटुंबाचा उल्लेख होता. ते कुटुंब कोणतं, हे बारामतीच्या बसस्थानकावरही कुणी कुणाला विचारलं नसेल. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आपल्याशी संबंधित कंपन्यांवरच्या कारवाईबद्दल तक्रार नाही, पण बहिणींच्या घरी जायचं काय कारण? शरद पवारांनी तर आपण लखीमपूर खेरीच्या घटनेची तुलना जालियनवाला बागेशी केल्याचा हा राग असावा, असं सुचवलं.

छाप्यांना आठवडाही उलटला नव्हता. मावळातल्या एका कार्यक्रमात इंदापूरचे माजी आमदार आणि माजी सहकारमंत्री हर्षवर्धन पाटील यांनी भाजपमध्ये गेल्यापासून चौकशी वगैरे काही नाही, शांत झोप लागते, असं हसत हसत सांगितलं. ते काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले होते सप्टेंबर २०१९ मध्ये. बोलण्याचा विपर्यास झाला, असा खुलासा त्यांनी नंतर केला. पण सभागृहातला हशा चित्रफितीत आला होता आणि ती देशभर फिरली. पाटलांवर त्या वेळी कराची कोणती कारवाई प्रलंबित होती आणि ती थांबली, असा काही पुरावा पुढे आलेला नाही. लोक हसले ते वेगळ्याच कारणाने : जे सगळे खासगीत बोलतात, ते एकाने माइकवर म्हटलं.

वाचकाच्या पत्रातली एक गोष्ट मात्र जरा ताणलेली आहे. इंदापूर म्हणजे एकटे हर्षवर्धन पाटील नव्हेत. तेव्हाचे आमदार दत्तात्रय भरणे राष्ट्रवादीचे, आघाडी सरकारात राज्यमंत्री. ‘इंदापूर सुटलं’ असं म्हटलं तर त्यात दोन्ही बाजू सुटल्या.

आता त्याच महिन्यातली तिसरी घटना, जिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. १९ ऑक्टोबरला देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वाखाली राज्यातल्या भाजप नेत्यांचं शिष्टमंडळ दिल्लीत अमित शहांना भेटलं. त्यात हर्षवर्धन पाटीलही होते. विषय होता साखर कारखान्यांचा आयकर. २५ ऑक्टोबरला मंडळाचं परिपत्रक निघालं. म्हणजे ज्या खात्याची माणसं महिन्याच्या सुरुवातीला छापे घालत होती, त्याच खात्याने महिना संपायच्या आत साखरपट्ट्याचं जुनं दुखणं हलकं करायला घेतलं.

हे दुखणं समजून घेतल्याशिवाय वाचकाच्या प्रश्नाला हात घालता येत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार उसाचा किमान भाव ठरवतं. आधी त्याला एसएमपी म्हणत, २००९ पासून एफआरपी. महाराष्ट्रातले सहकारी कारखाने त्याहून जास्त देत आले. कधी हंगामात, कधी दिवाळीच्या तोंडावर दुसरा-तिसरा हप्ता म्हणून. कारखान्याच्या दृष्टीने हा उसाचा भाव, म्हणजे खर्च. आयकर खात्याचं म्हणणं असं की किमान भावावरची रक्कम म्हणजे सभासदांना वाटलेला नफा, आणि नफ्यावर कर भरा. वर्षानुवर्षं मागण्या चढत गेल्या. गंमत अशी की जो कारखाना शेतकऱ्याला जास्त भाव देई, त्याच्यावरच मोठी नोटीस येई. सोमेश्वर आणि माळेगाव हे बारामतीचे दोन्ही कारखाने चढ्या भावासाठी नावाजलेले. इंदापूरचे छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमाही याच नियमाखाली.

इथे कुणाचा पक्ष पाहिला गेला नाही. काँग्रेसवाल्याच्या कारखान्याला नोटीस, राष्ट्रवादीवाल्याला नोटीस, भाजपवाल्यालाही. यूपीएच्या काळात शरद पवार स्वतः दहा वर्षं केंद्रीय कृषिमंत्री होते, तरी प्रश्न सुटला नाही. २०१५ च्या अर्थ कायद्याने पुढच्या वर्षांपुरती वाट मोकळी केली; २०२१ च्या परिपत्रकाने राज्य सरकारने मान्य केलेला जादा भावही त्यात बसवला. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तासगाव कारखान्याच्या प्रकरणात किती रक्कम भाव आणि किती नफा हे प्रत्येक ठिकाणी तपासा, म्हणून प्रकरणं परत पाठवली होती. मागची थकबाकी सुटली ती २०२३ च्या अर्थसंकल्पात. २०१६-१७ पूर्वीच्या वर्षांसाठीही ही रक्कम खर्च धरायची. सवलत जवळपास १०,००० कोटींची. श्रेय भाजपने घेतलं, घेणारच. पण सवलत माळेगावलाही मिळाली आणि कर्मयोगीलाही. नियम छापील असला की तो चुकीचा असला तरी सगळ्यांना सारखाच चुकीचा असतो, त्यावर भांडता येतं आणि तो बदलूनही घेता येतो.

छाप्याचं तसं नाही.

छाप्यांच्या वेळच्या आयकर कायद्याच्या १३२ व्या कलमानुसार झडतीसाठी अधिकाऱ्याकडे ‘विश्वास ठेवण्याजोगं कारण’ असावं लागे. ते फाइलीत लिहूनही ठेवायचं असे. २०१७ च्या अर्थ कायद्याने यात एक स्पष्टीकरण घुसवलं : हे कारण कोणत्याही व्यक्तीला, प्राधिकरणाला किंवा अपिलीय न्यायाधिकरणाला सांगायचं नाही. शिवाय हे लागू कधीपासून? १ एप्रिल १९६२ पासून, म्हणजे कायद्याच्या जन्मापासून. पंचावन्न वर्षं मागे जाऊन दाराला कुलूप लावायचा हा उद्योग संसदेत फारशा चर्चेविना पार पडला, याचं नवल अजून ओसरत नाही. उच्च न्यायालयात रिट करता येतं. पण जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की कारण प्रामाणिक आणि संबंधित आहे का एवढंच न्यायालय पाहील, ते पुरेसं आहे का, हे नाही.

मग बारामतीच का, याचं उत्तर सरकारी कागदावर आहे, पण तो कागद छापा पडलेल्यालाही दिसत नाही. आणि ज्याच्याकडे छापा पडलाच नाही, त्याचा तर कागदच नाही. निवड योग्य होती की राजकीय, हे सिद्ध करायची सोय विरोधकालाही नाही आणि खात्यालाही नाही. उरतं ते बेरीज-वजाबाकीचं काम. ‘इंडियन एक्स्प्रेस’ने एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणांच्या रडारवरच्या, २०१४ नंतर भाजपकडे वळलेल्या २५ विरोधी नेत्यांचा हिशेब मांडला, त्यातल्या २३ जणांना दिलासा मिळाला होता. एवढा कौल एका बाजूने पडत असेल तर ‘योगायोग’ म्हणणाऱ्यानेच पुरावा द्यावा.

करखातं विरोधकांवर सोडायचं नाही, हा धडा अमेरिकेने राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या काळात घेतला. व्हाइट हाउसने १९७२ मध्ये विरोधकांची यादी करखात्याचे आयुक्त जॉनी वॉल्टर्स यांच्या हाती दिली. त्यांनी ती तिजोरीत ठेवून दिली आणि कुणालाही छेडलं नाही. पुढे १९९८ मध्ये, अमक्याची करतपासणी करा किंवा थांबवा असं राष्ट्राध्यक्षांनी सांगणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा झाला. आपल्याकडे असं कलम नाही.

आता पुढे ढकललेल्या निकालाविषयी तारखांपुरतं. २ नोव्हेंबर २०२१ रोजी बेनामी कायद्याखाली अजित पवार कुटुंबाशी जोडलेल्या सुमारे हजार कोटींच्या मालमत्ता तात्पुरत्या जप्त झाल्या. कोरेगाव तालुक्यातला जरंडेश्वर कारखाना त्यात होता. अपिलीय न्यायाधिकरणाने खात्याचं अपील फेटाळलं ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. बातमी मात्र फुटली अजितदादांनी ५ डिसेंबरला पुन्हा उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतल्यावर, आणि भाजपच्या ‘वॉशिंग मशीन’चा गजर झाला. शपथ आणि निकाल यांत महिन्याचं अंतर आहे, हे गजर करणाऱ्यांनी पाहिलं नाही. दादा जुलै २०२३ पासूनच भाजपसोबत सत्तेत होते, हे बचाव करणाऱ्यांनी सांगितलं नाही. व्यवहार बँकेतून झाले, बेनामी असल्याचं सिद्ध होत नाही, असा निकालाचा गाभा. पुरावाच कच्चा होता की तो मांडण्यातला उत्साह ओसरला होता, हे निकालपत्र शेजारी ठेवूनच तपासायला हवं. पुढच्या आठवड्यात तेच. भवानीनगरच्या पत्रात छत्रपती कारखान्याच्या थकबाकीविषयी आणखी दोन प्रश्न आहेत, ते त्यानंतर.