नियमांचा क्रम चुकला तर...

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय तिथून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर. अशा वेळी ‘ई-संजीवनी’ या केंद्र सरकारच्या २०१९ पासूनच्या सेवेतून डॉक्टरांचा सल्ला मिळाला, तर मोठा आधार होतो. पण त्यासाठी आरोग्य केंद्रातून गेलेली विनंती आधी योग्य सर्व्हरपर्यंत पोहोचावी लागते.

मोठ्या ऑनलाइन सेवेमागे अनेक सर्व्हर असतात. त्यांच्या दारात ‘लोड बॅलन्सर’ बसतो; रुग्णालयातल्या केसपेपरच्या खिडकीसारखा. गर्दी विभागणे हे त्याचे काम. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटाची लसनोंदणी सुरू होताच ‘कोविन’ काही काळ अडखळले होते. त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली.

कोणती विनंती कुठे पाठवायची, याचे नियम अभियंते लिहितात. ते वरून खाली वाचले जातात आणि जो नियम आधी जुळेल, तोच लागू होतो. गडचिरोलीत मलेरियाचा त्रास जुना. समजा, खिडकीवर पहिला नियम आहे : ‘ताप असेल तर बाह्यरुग्ण विभाग’. दुसरा : ‘ताप आणि झटके असतील तर तातडीचा विभाग’. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या मलेरियाचा रुग्ण मग पहिल्याच नियमाने रांगेत अडकेल. म्हणून नेमका नियम वर, ढोबळ नियम खाली आणि कशातच न बसणाऱ्यांसाठी एक नियम सर्वांत शेवटी.

विनंती पाठवण्याच्या रीती दोन. एकीत लोड बॅलन्सर ती आतल्या आत पुढे सरकवतो. दुसरीत नवा पत्ता हाती देतो आणि ब्राउझरला पुन्हा फेरी मारावी लागते. जंगलातल्या कमकुवत नेटवर्कवर ही जादा फेरी महाग पडते.

सर्व्हर चालू आहे का, हेही लोड बॅलन्सर ठरावीक वेळाने तपासतो. मात्र नुसते ‘चालू’ पुरेसे नाही. दवाखाना उघडा, पण डॉक्टर नाहीत, अशी गत सर्व्हरचीही होऊ शकते. तपासणी खऱ्या कामाची हवी.

नियम गर्दी वाटून देतात. डॉक्टर वाढवत नाहीत. त्यामुळे तापासोबत झटके, गुंगी किंवा बरळणे दिसले, तर ऑनलाइन सल्ल्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि जवळचे रुग्णालय गाठावे.