बल्बच्या मानेवरची तारीख

तारोडीच्या आमच्या घरात नवा बल्ब होल्डरमध्ये चढण्याआधी त्याच्या मानेवर मार्करने तारीख पडते. ही खोड माझी. आई म्हणते, बारसं कर एकदाचं.

तारखा लिहायला लागल्यापासून खोक्यावरच्या तासांवरचा माझा विश्वास उडाला. जुन्या पिवळ्या गोळ्याचं आयुष्य १००० तास धरायचे, म्हणजे रोज सहा तास लावला तर जेमतेम साडेपाच महिने. हा आकडाही सगळा निसर्गाने दिलेला नाही. १९२४ साली बड्या दिवेवाल्यांनी जिनिव्हात फीबस नावाची युती केली आणि गोळा हजार तासांच्या वर टिकला तर बनवणाऱ्यालाच दंड ठेवला! सीएफएलच्या खोक्यावर सहा-आठ हजार तास असायचे, एलईडीच्या खोक्यावर २५,००० असतात. सहा तासांच्या हिशेबाने ही अकरा वर्षं होतात. आमच्या बाथरूममधल्या एलईडीने चौदा महिन्यांत मान टाकली.

गेलेले बल्ब मी पिशवीत साठवतो. गेल्या महिन्यात वायरमन आला तेव्हा ती पिशवी ओटीवर ओतली. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून पांढरी टोपी टचकन उडवली. आत ॲल्युमिनियमच्या चकतीवर डाळीएवढे पिवळे चौकोन गोलात बसवलेले. त्यातल्या एकावर तिळाएवढा काळा ठिपका.

“हा एकच मेलाय, काकू. एकामागे एक जोडलेले असतात, एक गेला की सगळे गेले.”

ठिपकेवाल्याच्या दोन टोकांवर त्याने डाखाचा थेंब सोडला आणि बल्ब होल्डरला लावला. लागला. आईने विचारलं, “आता किती दिवस?” तो नुसता हसला.

दुसऱ्या बल्बचे चौकोन सगळे शाबूत होते, पण पोटातला कपॅसिटर डोक्यावर फुगलेला. तो आतून सुकतो. ढोबळ हिशेब असा की, दहा अंश उष्णता वाढली की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. आम्ही मात्र हौसेने बल्बला काचेचं बंद झाकण घातलं होतं. खोक्यावरचे तास मोजतात ते उजेड ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचे. इथे उजेड उतरायच्या आतच पोट बिघडतं. त्यात तारोडीचा खारा वारा. होल्डरच्या पिना हिरव्या पडतात, बल्ब लुकलुकायला लागतो आणि आपण बिचाऱ्या चांगल्या बल्बला कचऱ्यात काढतो. वायरमनने पिशवीतले दोन बल्ब काहीही न करता परत दिले. “होल्डर बदला,” म्हणाला.

ट्यूबलाइट मरायची ती सांगून सवरून. टोकं काळी पडायची, मग फडफड, मग कुणीतरी स्टुलावर चढून स्टार्टर पिळायचं. प्रत्येक वेळी लावताना टोकांच्या तारेवरचा लेप थोडा उडतो, ते हे काळं. आमच्या माजघरातली पत्र्याची पट्टी गंजून खाली आली, तरी तिच्यातला वजनदार चोक अजून गुणगुणायला तयार आहे.

आणि या सगळ्यांत जुना कोण, तर देवाच्या अल्तारीवरचा झिरोचा गोळा. झिरो नावालाच, खातो पंधरा वॅट. त्याच्यावर तारीख नाही, कारण तो माझ्या मार्करच्या आधीचा आहे. त्याची तार मंद तापते आणि आई तो कधीच बंद करत नाही. थंड तारेत एकदम करंट शिरतो तेव्हाच बहुतेक गोळे जातात. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन ठाण्यात १९०१ पासूनचा एक गोळा अजून जळतो, तोही असाच मंद आणि क्वचितच विझवलेला. वायरमन म्हणाला, याच्याजागी छोटा एलईडी लावू, बिल वाचेल. आईने त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

त्याच संध्याकाळी वारा सुटला आणि लाइट गेली. तासाभराने ती आली तेव्हा आई अल्तारीकडेच बघत होती. गोळा लागला.

बाथरूमचा गेला. मी मार्कर शोधायला उठलो.