‘राखीव’ पाटीमुळे गाडी उचलली? भांडू नका, आदेश मागा!

समजा, जांब समर्थला तुमचा मसाल्यांचा छोटा उद्योग आहे. माल पोचवायला तुम्ही शहरात गेलात आणि सार्वजनिक पार्किंगमध्ये गाडी लावली. परत येऊन बघता तर गाडी गायब! शेजारचा दुकानदार म्हणतो, "ही जागा आमच्या गिऱ्हाइकांसाठी राखीव आहे, पाटी दिसली नाही का?" गाडी अडकली, ऑर्डर अडकली, वर दंड. आता काय?

पहिला प्रश्न: पाटी लावली कुणी?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे पार्किंगची जागा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकार किंवा सरकारनं नेमलेल्या प्राधिकरणाला आहे, दुकानदाराला नाही. कलम १२७ प्रमाणे गाडी दहा तास बेवारस असेल किंवा कायद्यानं मनाई असलेल्या जागी उभी असेल, तर त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी ती उचलायला परवानगी देऊ शकतो. म्हणजे मनाई कायदेशीर हवी. नुसती रंगवलेली पाटी पुरत नाही.

मग करायचं काय?

१. जागेचे, पाटीचे, आजूबाजूच्या खुणांचे फोटो लगेच काढा. उद्या पाटी तिथं असेलच असं नाही.
२. चलन नीट वाचा: वेळ, ठिकाण, कलम. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.
३. दंड भरण्याआधी तक्रार नोंदवा. दंड भरला की प्रकरण तडजोडीनं मिटलं असं धरलं जातं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर फोटो जोडून तक्रार करता येते. तक्रार मान्य झाली नाही, तर कोर्टात बाजू मांडता येते.
४. नगरपालिका किंवा महापालिका आणि वाहतूक शाखा, दोघांकडे माहिती अधिकारात अर्ज करा: "ही जागा राखीव केल्याच्या आदेशाची प्रत द्या." फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आदेशच निघाला नसेल, तर तुमची बाजू भक्कम झाली.

पण आदेश खरंच निघाला असेल, जागा अपंगांसाठी किंवा रुग्णवाहिकेसाठी असेल, तर चूक आपली. मुकाट्यानं दंड भरा.

आणि हो, उद्या तुमचं दुकान झालं की समोरच्या रस्त्यावर कुंड्या, साखळ्या लावून जागा अडवू नका. रस्ता सगळ्यांचा. गिऱ्हाईक जोडायचं असतं, अडवायचं नसतं.