सुलतान बाजार आणि मेट्रोची आखणी

जामबागेतली विवेकवर्धिनी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना सुलतान बाजाराची वाट सांगायला नको. केशवराव कोरटकर आदींनी १९०७ साली काढलेली ही संस्था. वह्या-पुस्तकं घ्यायला आम्ही त्या बाजारातच जायचो. पूर्वी हे रेसिडेन्सी बाजार. इंग्रजांच्या ताब्यातून ते १९३३ मध्ये निजामाकडे परत आले.

मेट्रोचा उन्नत मार्ग इथूनच आखला गेला आणि व्यापारी उठले. रस्ता आधीच अरुंद. दुकानाचा पुढचा भाग गेला की मागे उरतं काय? बंद झाले, निवेदनं गेली. २०१४ मध्ये नव्या तेलंगण सरकारने विधानसभा, सुलतान बाजार आणि जुनं शहर इथली आखणी बदलण्याचं ठरवलं. बाजाराला वाटलं, जिंकलो! पुढे इथला मार्ग बराचसा मूळचाच राहिला. ७ फेब्रुवारी २०२० ला ज्युबिली ते महात्मा गांधी बस स्थानक ही ११ किमीची मार्गिका सुरू झाली. मध्ये सुलतान बाजार नावाचं स्थानकही आहे.

मी मेट्रोच्या विरोधात नाही, तिनेच येतो-जातो. अडचण वेगळी आहे. वारशाच्या यादीत घड्याळाचा मनोरा बसतो. पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच ओट्यावर बसलेला बांगडीवाला त्या यादीत कुठे लिहायचा?